मोठे शहरी प्रकल्प आणि प्रादेशिक ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्नास-शंभर हेक्टर जमीन, एकच विकासक, दहा-वीस वर्षांचं काम आणि माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ‘इथल्या मातीशी नातं सांगणारी वास्तुरचना’. हे वाक्य आता इतकं गुळगुळीत झालंय की त्याचा अर्थ विचारायचंच राहून जातं. खालचे प्रश्न घर घेणाऱ्यांकडून, वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांकडून आणि नियोजनाच्या कामात असणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांत माझी मतं आहेत आणि ती मतं म्हणूनच वाचावीत.

प्रादेशिक ओळख म्हणजे नेमकं काय? इमारत बघून ती कळते का?

बघून थोडी कळते, वावरून जास्त. कुठलीही जुनी वस्ती घ्या. रस्ता किती रुंद आणि दोन्ही बाजूंची घरं किती उंच, यावर दुपारची सावली ठरते. रस्त्यावरून घरात शिरताना मधे काय लागतं? पायऱ्या, ओटा, अंगण, की थेट दार? पाऊस जास्त असेल तिथे छप्पर भिंतीच्या किती बाहेर येतं? कोरडा उन्हाळा असेल तिथे भिंत किती जाड आणि खिडकी किती लहान? जमिनीचे तुकडे अरुंद आणि खोल आहेत की चौकोनी? हे सगळं टेप लावून मोजता येतं. कमान, नक्षी आणि रंग यांचा नंबर त्यानंतर लागतो.

नव्या प्रकल्पांत बहुतेकदा हा क्रम उलटा असतो. आराखडा जगात कुठेही खपेल असा आणि शेवटच्या महिन्यात एलिव्हेशनवर, म्हणजे दर्शनी बाजूवर, ‘लोकल टच’.

सगळीकडच्या नव्या वसाहती सारख्याच का दिसतात? आर्किटेक्टना काही सुचतच नाही का?

सगळं खापर त्यांच्या माथी फोडणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. १९३२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनामुळे ‘इंटरनॅशनल स्टाइल’ (सपाट छप्पर, बिननक्षीच्या भिंती, मोठ्या काचा) हे नाव रूढ झालं, तेव्हा त्या पद्धतीच्या इमारती मोजक्याच होत्या. ती पद्धत जगभर पसरली ती पुढे, वातानुकूलन आणि स्वस्त सपाट काच यांच्या जोरावर. वितळलेल्या कथिलावर काच तरंगत ठेवून सपाट करायची पद्धत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. मोठी काच घासून चमकवायची गरज संपली. आतली हवा यंत्राने थंड होणार म्हटल्यावर बाहेर वाळवंट आहे की बर्फ, याच्याशी भिंतीचं देणंघेणं उरलं नाही.

आजचं कारण मात्र बरंचसं हिशेबाच्या वहीत सापडतं. एक उदाहरण जवळून बघू. तळघरात दोन खांबांच्या मधे तीन गाड्या बसवायच्या, म्हणून खांब साधारण आठ मीटरवर येतात. तेच खांब सरळ तिसाव्या मजल्यापर्यंत जातात. म्हणजे वरच्या खोल्यांची रुंदी मोटारीच्या रुंदीवरून ठरते, आणि मोटारी जगभर एकाच मापाच्या! कार्यालयांत लिफ्टच्या गाभ्यापासून, म्हणजे लिफ्ट आणि जिने एकत्र असतात त्या भागापासून, काचेपर्यंतचं अंतर भाडेकरू कंपन्यांच्या गरजेवरून ठरतं, आणि त्या कंपन्याही सगळीकडे त्याच. कर्ज देणाऱ्याला आधी कुठेतरी विकला गेलेला नमुना हवा असतो. नवी कल्पना त्याच्या लेखी जोखीम असते.

त्यात नियमांची भर. प्रत्येक इमारतीच्या चारही बाजूंनी मोकळी जागा सोडायची असा नियम असला, की भिंतीला भिंत लावून सलग, सावलीची गल्ली उभी करणं बेकायदा ठरतं. अग्निशमनाचा बंब वळला पाहिजे, म्हणून रस्ता रुंद. ही मागणी चुकीची नाही, पण तिचा परिणाम असा की ज्या गल्ल्या बघायला पर्यटक येतात, त्या आज कागदावरसुद्धा मंजूर होणार नाहीत.

‘क्रिटिकल रीजनलिझम’ हा शब्द सारखा कानावर येतो. तो काय प्रकार आहे?

अलेक्झांडर त्सोनिस आणि लियान लफेव्र या वास्तुकलेच्या अभ्यासकांनी १९८१ मध्ये ग्रीसमधल्या आर्किटेक्टांच्या कामावर लिहिताना तो वापरला. १९८३ च्या एका निबंधातून केनेथ फ्रॅम्प्टन यांनी तो जगभर नेला. मुद्दा थोडक्यात असा: आधुनिक तंत्र नाकारू नका, पण जागेचा उतार, तिथला उजेड, हवा, साहित्याचा स्पर्श आणि बांधणीची रीत यांना धरून राहा. सपाट जागतिकपणाला विरोध करा आणि जुन्याचा वेश चढवण्यालाही.

विचार पटण्यासारखा आहे. अडचण एवढीच की या चर्चेतली उदाहरणं बहुतांशी सुट्या इमारतींची असतात: एखादं चर्च, एखादी नगरपालिका, एखादं घर. एकाच वेळी पाच हजार घरं बांधायची असतील तर काय, यावर तिथे फारसं हाती लागत नाही.

मग जाळी, कमान, घुमट हे जुने घटक वापरूच नयेत का?

वापरावेत, पण त्यांना काम द्यावं. आखाती देशांत याची चांगली आणि वाईट दोन्ही उदाहरणं शेजारी शेजारी मिळतात. दुबईतल्या मदिनत जुमैरा या हॉटेल-बाजार संकुलात वाऱ्याचे मनोरे, म्हणजे वरचा वारा पकडून खाली घरात उतरवणारे जुन्या पद्धतीचे मनोरे, रांगेने उभे आहेत. फोटो छान येतात, पण ते मुख्यतः शोभेचे आहेत. आत थंड हवा येते ती यंत्रातून. अबुधाबीजवळच्या मसदार सिटीत, जिचा आराखडा नॉर्मन फोस्टर यांच्या कार्यालयाने केला, ४५ मीटर उंचीचा पोलादी मनोरा आहे. तो जुन्या मनोऱ्यासारखा अजिबात दिसत नाही, पण वरचा वारा पकडून खालच्या चौकात आणायचं काम करतो. माझ्या मते या दोघांत परंपरेला जवळचा तो दुसरा.

जाळीचंही तसंच. दोह्यात झां नूव्हेल यांचा मनोरा २०१२ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या गोल अंगावर ॲल्युमिनियमची जाळी आहे आणि ती सगळीकडे सारखी दाट नाही. उत्तरेला सुमारे २५ टक्के, दक्षिणेला ४० टक्के, पूर्व-पश्चिमेला ६० टक्के. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन अडवणं सगळ्यात कठीण, म्हणून तिथे जाळी सगळ्यात दाट. इमारतीला नुसती एक चक्कर मारली तरी सूर्य कुठून कुठे जातो ते कळावं, अशी ही रचना. त्याच वर्षी पूर्ण झालेल्या अबुधाबीच्या अल बहर मनोऱ्यांवर छत्रीसारखे उघडझाप करणारे त्रिकोणी पडदे आहेत, प्रत्येक मनोऱ्यावर हजाराच्या आसपास. ऊन आलं की उघडून सावली करतात, सरलं की मिटतात.

यात एक धोका आहे. नूव्हेल यांनीच १९८७ मध्ये पॅरिसच्या अरब जगत संस्थेच्या दक्षिण भिंतीवर कॅमेऱ्याच्या पडद्यांसारखी हलणारी जाळी लावली होती. तिचे कितीतरी भाग बिघडून वर्षानुवर्षं बंद पडले, मग २०१७ च्या सुमारास दुरुस्ती झाली. दगडात किंवा लाकडात कोरलेली जाळी बिघडत नाही. जितकी यंत्रं जास्त, तितका देखभालीचा करार मोठा.

पन्नास मजली इमारत प्रादेशिक असू शकते का? उंच इमारत ही मुळात परकीच नाही का?

उंचीला प्रांत नसतो हे खरं. म्हणूनच बरेच जण चिन्हाचा आधार घेतात. क्वालालंपूरच्या ४५२ मीटर उंच पेट्रोनास मनोऱ्यांचा तळ-आराखडा दोन चौरस एकमेकांत गुंफून होणाऱ्या आठ टोकांच्या ताऱ्यावर बेतलेला आहे. सेझार पेल्ली यांनी तो इस्लामी भूमितीतून घेतला. ताइपे १०१ मध्ये आठ-आठ मजल्यांचे आठ टप्पे पॅगोड्यासारखे, किंवा बांबूच्या पेरांसारखे, एकावर एक ठेवले आहेत. दोन्ही इमारती देखण्या आहेत आणि त्यांच्या शहरांनी त्या आपल्या मानल्या आहेत. पण आत बसून काम करणाऱ्याला आपण कुठल्या हवामानात आहोत हे तिथे फारसं जाणवत नाही.

दुसरा रस्ता चार्ल्स कोरिआ यांच्या मुंबईतल्या कांचनजंगा इमारतीत दिसतो. १९८३ मध्ये पूर्ण झालेली, २८ मजले, ३२ घरं, २१ मीटर बाजूचा चौरस. तिथला पेच असा: समुद्राचा वारा आणि चांगली दृश्यं पूर्व-पश्चिमेला, आणि रखरखीत ऊन व झोडपणारा पाऊसही त्याच बाजूंनी. काच लावावी तर घर तापतं, भिंत घालावी तर वारा जातो. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांडा हे उत्तर शोधलं होतं. राहत्या खोल्यांभोवती ऊन-पाऊस झेलणारा पट्टा. कोरिआंनी तो पट्टा उचलून वर नेला. इमारतीचे कोपरे खोल कापून तिथे दोन मजली उंचीच्या गच्च्या दिल्या आणि खोल्या त्यांच्या मागे सरकवल्या. बाहेरून इमारत अगदी साधी, पांढरी. एकही कमान नाही, एकही नक्षी नाही. तरी ती ओस्लोत किंवा टोरांटोत उभी करता येणार नाही, आणि माझ्या लेखी प्रादेशिकतेची याहून चांगली परीक्षा नाही.

मलेशियात केन यांग यांनी १९९२ च्या मेनारा मेसिनियागा इमारतीत लिफ्टचा आणि जिन्यांचा गाभा तापणाऱ्या पूर्वेला नेऊन ठेवला. म्हणजे ऊन झेलायला माणसं नाहीत, जिने आहेत. त्या लॉबीत आणि जिन्यात खिडक्या आहेत, उजेड आणि वारा बाहेरूनच येतो. इमारतीभोवती चढत जाणाऱ्या बागा हा फोटोत दिसणारा भाग. गाभ्याची जागा हा खरा भाग, आणि गंमत म्हणजे त्याला जादा खर्च जवळपास नाही, फक्त निर्णय पहिल्या आठवड्यात घ्यावा लागतो.

एकेक इमारत चांगली असली तर आपोआप चांगला प्रकल्प होतो ना?

नाही. मोठ्या प्रकल्पात ओळख इमारतींच्या मधल्या जागेत ठरते. दोह्यातलं मशैरेब हे ३१ हेक्टरचं पुनर्विकासाचं काम बघा. तिथे शंभरावर इमारती आहेत. सुट्या सुट्या पाहिल्या तर काही ठीक, काही बऱ्या. पण त्या एकमेकींवर सावली टाकतील इतक्या जवळ आहेत, गल्ल्या समुद्राकडून येणारी झुळूक आत यावी अशा वळवल्या आहेत आणि गाड्या, मालवाहतूक, पार्किंग हे सगळं जमिनीखाली ढकललं आहे. गाडी वर नसली की रस्ता अरुंद करता येतो. वाळवंटातल्या शहरात माणूस पायी चालेल की नाही, हे या एका निर्णयावर अवलंबून होतं. खालची तळघरं खर्चिक आहेत, हे मात्र मान्य केलं पाहिजे. प्रत्येकाला ते झेपणार नाही.

जर्मनीत हांबुर्गचं हाफेनसिटी, १५७ हेक्टर, जुन्या बंदराच्या जागेवर. तिथला प्रश्न पुराचा. ‘नॉर्थ सी’च्या काठचे लोक शेकडो वर्षं मातीचे उंचवटे करून त्यावर घरं बांधत आले. हाफेनसिटीत सगळी वसाहत बांध घालून बंदिस्त करण्याऐवजी इमारती आणि रस्ते समुद्रसपाटीपासून सुमारे ८ ते ९ मीटरवर उचलले. त्या उंचवट्यांच्या पोटात पार्किंग. काठावरचे फिरायचे मार्ग मुद्दाम खालीच ठेवले आहेत आणि मोठ्या भरतीला त्यांच्यावर पाणी येतं. शेजारच्या जुन्या गोदामांशी जुळावी म्हणून वीटही पुष्कळ वापरली आहे, पण वीट काढून टाकली तरी हे ठिकाण हांबुर्गचंच वाटेल.

सगळी जमीन एका मालकाची, आराखडा एका कार्यालयाचा. मग जुन्या शहरासारखी विविधता येणार कुठून?

हा या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न. जुनं शहर हजारो लोकांनी, वेगवेगळ्या काळात, पण जवळपास सारख्या मर्यादांत बांधलेलं असतं. साहित्य तेच, कारागीर तेच, जमिनीच्या तुकड्याची रुंदी तीच. मोठ्या प्रकल्पात याच्या बरोबर उलट स्थिती असते: निर्णय घेणारे चार लोक आणि मर्यादा जवळपास कुठलीच नाही. मग संगणकावर ‘विविधता’ तयार होते. एक इमारत पिवळी, दुसरी तपकिरी, तिसरीच्या गच्चीची कड वाकडी. चालत गेलं की पाच मिनिटांत हा बनाव ओळखू येतो.

उपाय आहे तो जमीन वाटण्यात. ॲमस्टरडॅममध्ये बोर्निओ आणि स्पोरेनबर्ग या जुन्या गोदीच्या, पाण्यात शिरलेल्या दोन चिंचोळ्या पट्ट्यांवर नव्वदच्या दशकात अडीच हजार घरं झाली. वेस्ट ८ या कार्यालयाने आराखडा केला. नियम थोडे पण कडक: घर साधारण तीन मजली, भिंतीला भिंत, रस्त्यावरूनच दार, आणि प्रत्येक तुकड्याचा ठरावीक हिस्सा आत मोकळा, म्हणजे घराच्या पोटात अंगण. एका रस्त्यावर साठ प्लॉट थेट लोकांना दिले आणि आपला आर्किटेक्ट आपणच निवडा म्हणून सांगितलं. तिथली साठ घरं एकमेकांसारखी नाहीत. कुठे काच, कुठे लाकूड, कुठे पोलाद. तरीही कालव्याच्या पलीकडून बघितलं तर तो रस्ता ॲमस्टरडॅमचा आहे याबद्दल शंका येत नाही, कारण अरुंद आणि खोल असा जमिनीचा तुकडा तिथल्या जुन्या कालव्यांवर आहे तसाच इथेही आहे.

हांबुर्गने वेगळी युक्ती केली. जमीन सार्वजनिक कंपनीच्या हातात. विकासकाला ती लगेच विकत नाहीत, आधी काही काळ राखून ठेवतात. त्या काळात त्याने आर्किटेक्टांची स्पर्धा घ्यायची, परवानग्या मिळवायच्या, मगच खरेदी. निवडताना बोलीच्या रकमेपेक्षा संकल्पनेला जास्त वजन.

आणि बेलापूर. कोरिआंची ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ ही वसाहत ऐंशीच्या दशकात झाली: सुमारे साडेपाच हेक्टर, ४५ ते ७५ चौरस मीटरचे तुकडे. सात घरं ८ मीटर बाजूच्या एका सामाईक अंगणाभोवती, असे तीन गट मिळून एक मोठं अंगण, अशी चढती रचना. कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की मूळची उतरत्या छपरांची घरं आता शोधावी लागतात. बहुतेक ठिकाणी स्लॅबची दोन-तीन मजली घरं उभी राहिली. काही जाणकार यावर हळहळतात. मला तसं वाटत नाही. चेहरे बदलले, पण अंगणांची मांडणी टिकून आहे. डिझाइनमधला टिकाऊ भाग कुठला होता, हे रहिवाशांनीच दाखवून दिलं.

इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशींनी हेच धोरण ८५ हेक्टरवर आणि सुमारे साडेसहा हजार प्लॉटवर राबवलं. गरीब कुटुंबांना जोतं, संडास आणि नळ-वीज जोडणी दिली, नमुन्यादाखल ८० घरं बांधून दाखवली, बाकी घर ज्याने त्याने जमेल तसं वाढवायचं. या कामाला वास्तुकलेचा १९९५ चा आगा खान पुरस्कार मिळाला.

सरकारने कायदा करून स्थानिक शैली सक्तीची करावी का?

सक्तीने एकसारखेपणा येतो. कधी तो चांगलाही दिसतो. जेरुसलेमचं उदाहरण सगळ्यात जुन्यांपैकी एक. १९१८ मध्ये ब्रिटिश लष्करी गव्हर्नर रोनाल्ड स्टोर्स यांनी बांधकाम स्थानिक दगडातच करायचा हुकूम काढला. शंभर वर्षांनंतरही शहर त्या फिकट सोनेरी दगडाचंच दिसतं. पण पूर्वी तो दगड भिंतीचं वजन पेलायचा. आता काँक्रीटच्या इमारतीवर काही सेंटिमीटर जाडीचे तुकडे टाचलेले असतात. हुकमाचं अक्षर पाळलं गेलं, भिंतीचा जाडपणा आणि त्यातून मिळणारा गारवा गेला.

भूतानमध्येही नव्या इमारतींवर पारंपरिक खिडक्या, कॉर्निस आणि छपराचा आकार असावा लागतो. थिंफूत पाच-सहा मजली काँक्रीटच्या इमारतींवर जो लाकूडकामाचा आभास दिसतो, तो पुष्कळदा सिमेंटचा असतो. शहर एकसंध दिसतं हे नाकारता येत नाही. बीजिंगमध्ये नव्वदच्या दशकात महापौरांच्या आग्रहाने उंच इमारतींच्या डोक्यावर चिनी छपरं चढली. १९९६ चं बीजिंग पश्चिम रेल्वे स्टेशन, माथ्यावर भलामोठा मंडप घेऊन, आजही त्याची साक्ष देतंय. खालचं स्टेशन आणि वरचा मंडप यांची एकमेकांशी ओळख नाही.

सौदी अरेबियाने मार्च २०२५ मध्ये देशातल्या १९ वास्तुशैलींचा नकाशा जाहीर केला. एका देशाची एकच शैली न मानता डोंगर, किनारा, ओॲसिस वेगळे मानले, हे शहाणपणाचं. आता त्यातून हवामानाचे धडे घेतले जातात की फक्त खिडक्यांचे आकार, ते इमारती उभ्या राहतील तसं दिसेल.

माझं मत विचाराल तर नियम चेहऱ्यावर नकोत. सावली किती पडली पाहिजे, तळमजल्यावर किती अंतराने दारं हवीत, भिंत रस्त्याला लागून हवी की मागे, पावसाचं पाणी कुठे मुरलं पाहिजे, यावर नियम करा.

परदेशातल्या गावाची हुबेहूब नक्कल केली तर बिघडलं कुठे? लोकांना आवडतं की.

लोकांना हौस असते आणि तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण शांघायजवळचं थेम्स टाउन बघा. २००६ मध्ये पूर्ण झालं. इंग्लिश चर्च, लाल टेलिफोन बूथ, फरसबंद गल्ल्या. लग्नाचे फोटो काढायला गर्दी, राहायला मात्र बरीच वर्षं फारसं कुणी नाही. घरं गुंतवणूक म्हणून घेतलेली. चीन सरकारने २०२० मध्ये अशा नकलांना मनाई केली आणि त्याच पत्रकात ५०० मीटरहून उंच इमारतींवरही लगाम घातला.

स्थानिक माती, दगड, वीट यांत हजारो घरं बांधणं शक्य आहे का?

पूर्णपणे क्वचितच. पण सगळं किंवा काहीच नाही असं करायची गरज नसते. वांग शू आणि लू वनयू या आर्किटेक्टांनी चीनमधल्या निंगबोच्या संग्रहालयासाठी (२००८) परिसरातल्या पाडलेल्या सुमारे तीस खेड्यांच्या विटा आणि कौलं वापरली. वादळात पडझड झाली की हाताला लागेल ते रचून भिंत उभी करायची तिथल्या गवंड्यांची जुनी रीत होती. तीच मोठ्या काँक्रीटच्या इमारतीवर वापरली. सांगाडा आधुनिक, कातडी जुन्या गावांची. वांग शू यांना २०१२ मध्ये प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळाला. त्या भिंतीत भोवतालच्या पुनर्विकासावरची टीकाही आहे, आणि ती बोचते, कारण खेडी पाडली गेली हे त्या विटाच सांगतात.

उलट बाजूही लक्षात ठेवा. आर्किटेक्ट हसन फती यांनी १९४५ पासून इजिप्तमधल्या लक्झरजवळ न्यू गुर्ना हे गाव मातीच्या विटांत, न्यूबियाच्या कारागिरांच्या कमानी-घुमटांच्या पद्धतीने बांधायला घेतलं. साहित्य स्वस्त, घरं थंड, आणि देखणी. गावकरी राहायला आले नाहीत. जुन्या थडग्यांशेजारचा, त्यांतल्या प्राचीन वस्तूंवर चालणारा आपला धंदा सोडून ते जाणार नव्हतेच. शिवाय घुमट म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर कबर यायची. परंपरा खरी होती, फक्त ती त्या लोकांची नव्हती.

‘स्थानिक’ हे ठरवायचं कुणी? शहरात तर सगळेच बाहेरून आलेले.

बरोबर, आणि वास्तूही बाहेरून आलेल्या असतात. दुबईची ओळख म्हणून आज जे वाऱ्याचे मनोरे दाखवतात, ते तिथे रुजवले इराणच्या किनाऱ्याकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी. एक-दोन पिढ्यांत ते दुबईचे झाले. म्हणून ‘शुद्ध’ शैलीचा शोध मला निरर्थक वाटतो. काय टिकलं आणि का टिकलं, हा प्रश्न जास्त कामाचा.

सत्तेला मात्र शुद्धता आवडते. मलेशियाच्या पुत्रजया या प्रशासकीय शहरावर टीका झाली ती याच अंगाने: घुमट आणि कमानी पश्चिम आशियाच्या वळणाच्या, मलय लाकडी घराचं त्यात काय? इंडोनेशियाच्या नव्या राजधानीत, नुसांतारात, राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद पंख पसरलेल्या गरुडाच्या आकाराचा आहे. कल्पना एका शिल्पकाराची. २०२१ मध्ये आर्किटेक्ट आणि नियोजकांच्या संघटनांनीच त्यावर आक्षेप घेतला होता. राष्ट्रचिन्हाचा पुतळा करावा, त्यात कचेऱ्या कशाला भराव्यात, असं मलाही वाटतं.

परदेशी आर्किटेक्टला स्थानिकता कळते का?

कधी कधी घरच्यापेक्षा जास्त, कारण त्याला प्रश्न पडतात. कुवेतच्या संसदेसमोर भल्यामोठ्या कापडी छतासारखी झेपावणारी काँक्रीटची सावली डेन्मार्कच्या योर्न उत्सोन यांनी दिली. पासपोर्टपेक्षा तो जागेवर किती दिवस थांबला हे विचारा.

माहितीपत्रक किंवा आराखडा समोर आला तर मी काय बघू?

पहिल्यांदा रेंडर, म्हणजे संगणकावर रंगवलेलं चित्र, बाजूला ठेवा. त्यात नेहमी संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. सेक्शन मागा, म्हणजे इमारत उभी कापून दाखवलेलं चित्र, त्यात शेजारची इमारत आणि मधला रस्ताही हवा. वर्षातल्या सगळ्यात कडक दिवशी दुपारी दोन वाजता त्या रस्त्यावर सावली कुठे आहे ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर ते कुणी तपासलेलंच नाही असं समजा.

मग चारही बाजूंच्या भिंती बघा. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अगदी एकसारख्या असतील तर ती इमारत या जागेसाठी काढलेली नाही. तळमजला बघा: फाटकातून घरापर्यंत जाताना तुम्ही कुणाच्या दारावरून जाता का, की पार्किंगमधून थेट लिफ्टमध्ये? जमीन किती तुकड्यांत, किती जणांना आणि किती टप्प्यांत दिली जाणार आहे? आणि जी जाळी, लाकूडकाम किंवा खास वीट दाखवली आहे, ती दहा वर्षांनी तुटली तर दुरुस्त करणारा गवंडी किंवा सुतार पंचक्रोशीत मिळेल का, हेही विचारून घ्या. देखभालीच्या अंदाजपत्रकात त्याची ओळ नसेल, तर जाळी पहिल्या रंगकामाच्या वेळी उतरवली जाईल आणि तिच्या जागी काच येईल.